वीस वर्षांचं जनावर

रोडेलचं विमान गुरुवारी.
सात वर्षं तो आमच्या क्लिनिकात दातांच्या कवळ्या घडवायचा.
सोफा कुणाला, सायकल कुणाला, भाताचा कुकर कुणाला,
सगळं कागदावर लिहून झालंय.
एक ओळ उरलीय.
तिच्यापुढे पेन्सिलीने माझं नाव, आणि प्रश्नचिन्ह.

कलामान्सी. त्यांच्याकडचं छोटं लिंबू असतं म्हणे, आतून नारिंगी.
हाही तसाच, मक्याच्या कणसावर ऊन पडावं तसा,
बोटाएवढा जाड, लांबीला माझ्या ओढणीच्या निम्मा.
बिनविषारी, रोडेल म्हणाला.
चार वेळा म्हणाला.
चौथ्यांदा म्हणाला तेव्हा मला भीती वाटली.

अन्वयने वहीत दोन रकाने केलेत.
'ठेवावा'खाली सतरा मुद्दे:
भुंकत नाही, केस गळत नाहीत, शाळेत कुणाकडेच नाही...
'ठेवू नये'खाली एकच: बाबा.

बाबा म्हणतो, गुदैबियातल्या या दोन खोल्यांत
आपणच आयत्या बिळावरचे नागोबा.
पडदे मंगळूरच्या लोबोंचे, ते कॅनडाला गेले.
पलंग एका सुदानी मास्तरांचा.
भिंतीवरचं घड्याळ कुणी सोडलं तेही माहीत नाही,
आपण फक्त सेल बदलतो.
आता खराखुरा नागोबाच आणायचा?

आईला फोनवर सांगितलं.
"रात्रीचं नाव घेऊ नको त्याचं. लांबडं म्हण."
मग बराच वेळ काही नाही.
मग: "खातं काय?"

तिथेच तर अडलंय.
उंदीर. गोठवलेले, पाकिटातले, गुलाबी.
दहा दिवसांतून एक, कोमट पाण्यात सोडवून, चिमट्याने.
माझ्या फ्रीजरमध्ये खवलेला नारळ आहे,
पुरणाचे तीन गोळे आहेत,
सासूबाईंनी बांधून दिलेला आमरस आहे
जो मी मुद्दाम संपवत नाही.

खाली बसणारा नातूर, रहमानभाई, म्हणाला,
करारात लिहिलंय: कुत्रा नको, मांजर नको, पोपट नको.
बोटं मोजून म्हणाला, याचं तर नावच नाही.
आणि मग हळूच: "पण मला दाखवू नका."

काल बघायला गेलो. बाहेर त्रेचाळीस डिग्री,
आत एसीच्या गारठ्यात काचेची पेटी,
पेटीत एक दिवा, कारण त्याला थंडी सोसत नाही.
म्हणजे एवढं वाळवंट बाहेर फुकट सांडलेलं
आणि आपण वीज जाळून चमचाभर आत राखायचं.

रोडेलने तो माझ्या मनगटावर ठेवला.
ओला असेल वाटलं होतं. कोरडा निघाला,
नुकत्या इस्त्री केलेल्या चादरीसारखा.
बांगडीखालून सरकला, दोन वेढे घेतले, थांबला.
"आई, तू आवडलीस त्याला!"
"तिचा हात गरम आहे, एवढंच," रोडेल म्हणाला
आणि खिडकीकडे तोंड केलं.

निघताना विचारलं, जगतो किती?
नीट सांभाळला तर वीस वर्षं.

वीस.
आमचा परवाना दोन-दोन वर्षांनी वाढतो,
तोही साहेबांच्या मनात आलं तर.
रोडेलच्या वेळी नाही आलं.
विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड मावतं,
काचेची पेटी कशी मावणार?
एक दिवस मीही यादी करत बसेन,
आणि या ओळीपुढे
पेन्सिलीने कुणाचं नाव लिहीन?

हाच मुद्दा अन्वयच्या वहीत घालायला पेन उघडलं.
'ठेवू नये'खाली त्याने आधीच लिहिलं होतं, बारीक अक्षरात:
आपण गेलो तर.
मग ते खोडून
'ठेवावा'च्या रकान्यात पुन्हा लिहिलं होतं.

उद्या बुधवार. काही ठरलेलं नाही.
रात्री फ्रीजर उघडून नारळ वरच्या कप्प्यात सरकवला,
आमरस त्याच्या शेजारी.
खालचा कप्पा पुसून कोरडा केला.
बर्फ साचला होता, म्हणून.